हिप्परग्याच्या टाचण्या: दोन जातींची जोडी दिसली, म्हणजे संकर झाला का?

प्रश्न: टाचणीवाली_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पाऊस सरला की मुलांना घेऊन हिप्परग्याला जाते, तुळजापूर रस्त्यावरच्या एकरुख तलावावर. अदिला नदी अडवून 1871 साली झालेलं हे तळं मुलांना फक्त सोलापूरच्या पाणीपुरवठ्यापुरतं माहीत असतं. काठाला उथळ पाणी, लव्हाळा आणि बेशरमाची झुडपं आहेत. तिथे टाचण्या चिक्कार. (ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी: चतुर बसताना पंख पसरून बसतो. टाचणी अंगाने बारीक असते आणि बहुतेकदा पंख पाठीवर मिटून बसते. दोघांचंही बालपण पाण्यात जातं.)

आम्हाला तिथे इश्नुरा वंशाच्या दोन जाती नेहमी दिसतात. एक इश्नुरा सेनेगॅलेन्सिस: नराची पाठ काळी, बगला हिरवट-निळ्या आणि शेपटीच्या टोकाजवळ ठळक निळा पट्टा. दुसरी इश्नुरा रुबिलिओ: चणीने लहान, नराची शेपटी पिवळी आणि टोक निळं. नर ओळखायला अडचण येत नाही. माद्यांनी मात्र घोळ घातला आहे.

यंदा मुलांनी सेनेगॅलेन्सिसच्या नराने एका नारिंगी मादीला मानेमागे धरलेलं पाहिलं, फोटोही काढले. मादीचा रंग बघून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही दुसऱ्या जातीची आहे, मिश्र जोडी आहे." त्याच दुपारी एक नरही मिळाला. त्याची शेपटी धड पिवळी नाही, धड काळी नाही. फोटो आमच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकले तेव्हा एकाने ठामपणे सांगितलं की हा संकर आहे. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे सांगितलं की वेगळ्या जातींचा संकर होतच नाही, आणि होत असेल तर त्या वेगळ्या जातीच नव्हेत.

पुस्तकात आम्ही अर्न्स्ट मायर यांची 1942 ची व्याख्या शिकवतो: ज्यांचं आपसात प्रजनन होतं आणि जे इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने विभक्त असतात, ते एका जातीचे. मुलं लगेच खेचराचं उदाहरण देतात आणि धडा तिथे संपतो. यंदा मला तो तिथे संपवायचा नाही. म्हणून विचारते:

ही जोडी आणि तो नर संकराचा पुरावा मानायचा का? जवळच्या जाती एकमेकींत खरंच मिसळत असतील, तर शेवटी त्यांची एकच जात का होत नाही? आणि एखादा पाय तोडून डीएनए तपासायला पाठवला तर उत्तर मिळेल का?

मुलांसमोर वाचून दाखवता येईल असं उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

उत्तर: कंबर_तलाव_फोटो

ताई, ती नारिंगी मादी सेनेगॅलेन्सिसचीच आहे बघा. हिच्या माद्या दोन रूपांत येतात. एक रूप थेट नरासारखं, निळं-हिरवं. दुसरं रूप कोवळ्या वयात नारिंगी असतं आणि वय वाढेल तसं मळकट हिरवं-तपकिरी होतं. विजापूर रोडला कंबर तलावाच्या काठी मी दोन्ही रूपं एकाच गवतात टिपली आहेत. नवीन माणूस एकाच जातीच्या माद्यांना दोन-तीन जाती समजतो.

त्या नराबद्दल मी बोलत नाही. पण पंख किती चकचकीत होते ते आठवतं का? पाण्यातून नुकताच बाहेर आलेला नर असेल तर त्याचा रंग पक्का झालेला नसतो. असा नर फिका, अर्धवट दिसतो. पुढच्या वेळी शेपटीच्या टोकाचे चिमटे वरून आणि बाजूने टिपा. रंग फसवतो, चिमटे सहसा नाही.

उत्तर: सीनाकाठ

ताई, प्रश्न फार चांगला आहे. मी मूळचा मोहोळ भागातला, आता गोड्या पाण्यातल्या किड्यांवर काम करतो आणि सुट्टीत आलो की सीनेच्या डोहांवर असतो. थोडं सविस्तर लिहितो. मुलांना वाचून दाखवायचं आहे म्हणालात, म्हणून सोपं ठेवतो, पण अर्धवट ठेवत नाही.

आधी जोडीबद्दल. वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, नारिंगी मादी त्याच जातीची आहे. पण समजा ती खरोखर दुसऱ्या जातीची असती, तरी नुसत्या धरण्याने संकर सिद्ध झाला नसता. टाचणीचं मीलन कसं होतं ते मुलांना नीट दाखवा, त्यातच अर्धं उत्तर आहे. नर शेपटीच्या टोकाच्या चिमट्यांनी मादीला मानेमागच्या वक्षखंडावर धरतो. ही झाली पहिली पायरी. नराचे शुक्राणू बाहेर येतात शेपटीच्या नवव्या खंडावर, पण मीलनाचा अवयव असतो दुसऱ्या खंडावर, म्हणजे शेपटीच्या सुरुवातीला. म्हणून तो आधी शेपटी वाकवून शुक्राणू पुढे आणून ठेवतो. मग मादीने स्वतःची शेपटी पुढे वळवून त्या अवयवाला लावायची, तेव्हा दोघांचं चाक तयार होतं. मादीने वळवलीच नाही, तर नर तिला धरून बसला तरी काही होत नाही. पुढे शुक्राणू पोचले पाहिजेत, टिकले पाहिजेत, अंडं फळलं पाहिजे, अळी पाण्यात जगली पाहिजे, तिचा प्रौढ झाला पाहिजे आणि त्या प्रौढाला पुन्हा पिल्लं झाली पाहिजेत. शुक्राणू टिकण्याचीही खात्री नसते. जोनाथन वागे यांनी 1979 साली दाखवून दिलं की टाचणीचा नर आपले शुक्राणू देण्याआधी मादीच्या पोटातले आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो. यातल्या प्रत्येक पायरीवर जातींमधली सीमा उभी राहू शकते. तुमच्या मुलांनी पाहिली ती पहिली पायरी.

आता जिथे संकर खरोखर झाला आणि नीट तपासला गेला, ते उदाहरण सांगतो. तेही याच इश्नुरा वंशातलं आहे. इश्नुरा एलेगन्स ही युरोपभर पसरलेली जात. इश्नुरा ग्रॅएल्सी स्पेन, पोर्तुगाल आणि पलीकडच्या मोरोक्को-अल्जीरियाच्या पट्ट्यातली. गेल्या काही दशकांत एलेगन्स स्पेनमध्ये आत आत सरकत गेली आणि ग्रॅएल्सीच्या पाणथळींवर जाऊन पोचली. रोझा आना सांचेझ-गियेन आणि अदोल्फो कोर्देरो-रिव्हेरा या संशोधकांनी दोघींची पैदास प्रयोगशाळेत केली, कुणाची जोडी कुणाशी जमते आणि कुठे अडते हे पायरीपायरीने पाहिलं.

त्यात निघालेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. अडथळा दोन्ही बाजूंनी सारखा नाही. ग्रॅएल्सीचा नर एलेगन्सच्या मादीला धरायला जातो तेव्हा बहुतेक वेळा पकडच बसत नाही, कारण त्याचे चिमटे आणि तिचा वक्षखंड जुळत नाहीत. कीटकशास्त्रात याला कुलूप-किल्लीची कल्पना म्हणतात. उलट बाजूने, एलेगन्सचा नर ग्रॅएल्सीच्या मादीला धरू शकतो. त्यांचं मीलन होतं, पिल्लं होतात आणि ती पिल्लं पुढे मूळ जातींशी जोडी जमवतात. म्हणजे सीमा आहे, पण एका बाजूने जवळजवळ बंद आणि दुसऱ्या बाजूने बरीच सैल. तुमच्या ग्रुपवरचे दोघेही ठामपणे बोलले, पण "होतोच" आणि "होतच नाही" यांच्या मधली ही जागा दोघांच्याही बोलण्यात नाही.

मग एकच जात का होत नाही? कारण मिसळण जनुकसंचाच्या, म्हणजे प्राण्याच्या एकूण डीएनएच्या, सगळ्या भागांत सारखी होत नाही. संकरित पिल्लू मूळ जातीशी जुळलं की पुढच्या पिढीत परकी जनुकं निम्मी राहतात, त्यापुढे आणखी निम्मी. जो तुकडा नव्या घरात अपाय करतो तो नैसर्गिक निवडीत गळून जातो. ज्याच्याने ना फायदा ना तोटा, तो रेंगाळतो. आणि जो उपयोगी पडतो तो वेगाने पसरतो. शेकडो पिढ्यांनंतर बघितलं, तर जनुकसंचाचे काही भाग दोन्ही जातींत सरमिसळ झालेले असतात आणि काही भाग कडक वेगळे. त्या कडक भागांत जोडीदार ओळखणारी, अवयवांचा आकार ठरवणारी, आणि दुसऱ्या जातीच्या जनुकांशी न जुळणारी जनुकं असतात. जात टिकते ती या भागांच्या जोरावर. मायर यांची व्याख्या वाचताना मुलांच्या डोक्यात सगळ्या प्राण्याभोवतीची एक सीमा येते. प्रत्यक्षात सीमा जनुकागणिक असते, असं त्यांना सांगा.

लिंग-गुणसूत्र बहुधा या कडक भागांत येतं. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 साली एक नियम मांडला: संकरातून एका लिंगाची पिल्लं नसतील, कमी असतील किंवा वांझ असतील, तर ते सहसा ज्या लिंगात दोन लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात किंवा एकच असतं तेच लिंग असतं. टाचण्यांत मादीला दोन एक्स असतात आणि नराला एकच, जोडीला दुसरं काही नाही. म्हणून टाचण्यांच्या संकरात आधी नरांकडे बघायचं. हे हॉल्डेन 1957 साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. वर्गात त्यांचं नाव घेताना हे जरूर सांगा, मुलांना फार आवडतं.

आता पायाचा डीएनए. एक पाय पाठवला तर बहुतेक प्रयोगशाळा तुम्हाला बारकोड देतील. म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) एका जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा. जात ओळखायला तो उत्तम. संकर ओळखायला तो एकटा पुरत नाही, कारण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. आई ग्रॅएल्सी आणि बाप एलेगन्स असलेल्या पिल्लाचा बारकोड सरळ "ग्रॅएल्सी" सांगेल, बापाचा मागमूसही दाखवणार नाही. पुढे त्या वंशातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या एलेगन्सच्या नरांशी जुळत गेल्या, तर अंगाने, रंगाने, केंद्रकातल्या डीएनएने पूर्ण एलेगन्स असलेल्या टाचणीत ग्रॅएल्सीचा मायटोकॉन्ड्रिया सापडू शकतो. म्हणून आईकडून आलेला आणि केंद्रकातला, असे दोन्ही डीएनए तपासावे लागतात, आणि केंद्रकातल्याही अनेक ठिकाणांचे नमुने घ्यावे लागतात. दोन्हींची गोष्ट जुळली नाही, की तिथे शोध सुरू होतो.

त्या अर्धवट रंगाच्या नराबद्दल: कोवळा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. संकर म्हणण्याआधी चिमट्यांचा आकार दोन्ही जातींच्या मधला आहे का ते बघावं लागेल.

टाचणीवाली_सोलापूर

सीनाकाठ सर, दादा, दोघांचेही मनापासून आभार. फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. नराचे पंख खरंच ओलसर चकाकी असलेले दिसतात आणि तो उडताना अडखळत होता असं मुलं सांगतात. म्हणजे कोवळाच.

उत्तर वर्गात वाचलं. "सीमा जनुकागणिक असते" यावर एका मुलाने विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "मॅडम, सेनेगॅलेन्सिसमध्ये नरासारखी दिसणारी मादी आहे. सरांनी सांगितलेल्या युरोपातल्या एलेगन्समध्येही तशीच मादी असते असं मी वाचलं. मग हे नरासारखं दिसण्याचं जनुक एकीकडून दुसरीकडे संकरानेच गेलं असणार ना?" मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र नेमका वाटला.

सीनाकाठ

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. या विषयात काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न त्याने विचारला आहे.

दोन जातींत एकच गुण दिसतो, तेव्हा दोन वाटा असतात. एक, गुण संकरातून पलीकडे गेला. दोन, दोन्ही जातींचा पूर्वज एक होता तेव्हाच तो गुण होता, आणि वेगळं होताना दोघींनीही तो सोबत नेला. वरवर पाहिलं तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो.

या मादीच्या बाबतीत उत्तर दुसऱ्या वाटेचं आहे. एलेगन्सचा पूर्ण जनुकसंच, सुमारे 1.7 अब्ज अक्षरांचा, आता वाचला गेला आहे. स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात नरासारख्या मादीचं मूळ जनुकसंचाच्या एका ठराविक जागी सापडलं. तिथे इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी भर घातलेली आहे. आणि ताई, हे मुलांना नक्की सांगा: त्याच संशोधकांनी आपली सेनेगॅलेन्सिसही तपासली, आणि तिच्या नरासारख्या माद्यांमध्येही त्याच जागेच्या खुणा मिळाल्या. म्हणून हा भेद दोन्ही जातींपेक्षा जुना आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नरासारखी दिसल्याने मादीला नरांचा त्रास कमी होतो आणि अंडी घालायला वेळ मिळतो. पण असं रूप फार वाढलं की नर त्यालाही ओळखायला शिकतात आणि फायदा उरत नाही. त्यामुळे दोन्ही रूपं लाखो वर्षं शेजारी शेजारी टिकतात, कुठलंच संपत नाही. तुमच्या हिप्परग्याच्या गवतात मुलांना दिसणारा हा फरक माणूस जन्मायच्या आधीचा आहे.

मग दोन वाटा एरवी वेगळ्या कशा काढायच्या? तीन जाती घ्या. क आणि ख या सख्ख्या बहिणी, ग ही लांबची. फक्त पूर्वजांचा वारसा असेल, तर ग शी जुळणारी अक्षरं क मध्ये जितकी सापडतील साधारण तितकीच ख मध्ये सापडतील, कारण वाटणी योगायोगाने झालेली असते. पण ख ची ग शी जुळणी क पेक्षा ठळकपणे जास्त निघाली, तर ख आणि ग यांच्यात नंतर कधीतरी देवाणघेवाण झाली. या मोजणीची पद्धत 2010 साली निअँडरथल (नामशेष झालेला मानव) आणि आजचा माणूस यांच्यातली मिसळण दाखवताना प्रसिद्ध झाली, आणि आता फुलपाखरांपासून डासांपर्यंत सगळीकडे वापरतात. सोबत तुकड्यांची लांबीही बघतात. नुकत्याच झालेल्या संकरातले परके तुकडे लांब असतात, दर पिढीत ते तुटत तुटत आखूड होतात. लांबीवरून मिसळण किती जुनी आहे याचा अंदाज येतो.

बारावीच्या मुलांना ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर करता येईल. वीस अक्षरांच्या तीन ओळी लिहा आणि त्यांनाच मोजू द्या.

उत्तर: हिवताप_निवृत्त

मॅडम, मी जन्मभर हिवताप विभागात नोकरी केली. बार्शी, माढा, करमाळा इकडचे कालवे, विहिरी आणि नदीतले डबके डिपरने (दांड्याच्या भांड्याने) उपसून डासांच्या अळ्या मोजण्यात माझी हयात गेली. टाचण्यांमधलं मला कळत नाही, पण जातींच्या सीमेबद्दल तुमच्या मुलांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे हा प्रश्न लोकांच्या तापाशी जोडलेला होता.

खेड्यातला हिवताप पसरवणारा आपल्याकडचा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस. कालव्याच्या कडेचं स्वच्छ पाणी, शेतातली विहीर, नदी आटल्यावर उरलेले डबके, इथे त्याच्या अळ्या. डोळ्यांना सगळे डास सारखे, भिंगाखालीही सारखे. पण अर्धवट पिकलेल्या अंडाशयातली मोठी गुणसूत्रं काढून त्यावरचे पट्टे पाहिले तेव्हा कळलं की ही एक जात नाही. ए, बी, सी, डी, ई अशा पाच जाती या एका नावाखाली आहेत. गुणसूत्राचा एखादा तुकडा एका जातीत सरळ बसलेला, दुसरीत उलटा. दोन्ही प्रकारचे डास एकाच गावात, एकाच गोठ्यात मिळतात, पण अर्धा सरळ अर्धा उलटा असा मिश्र डास मिळत नाही. जोड्या जमत असत्या तर मिश्र डास मिळालेच असते. म्हणजे सीमा पक्की. हा पुरावा मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात काही मिळालं यापेक्षा काय मिळालं नाही याला महत्त्व आहे.

आणि याचा उपयोग असा: बी ही जात हिवताप फारसा पसरवत नाही. तिला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त लागतं. ई मात्र दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत चांगलीच पसरवते. तुम्ही एका गावात हजार डास मोजले आणि त्यातले बहुतेक बी असले, तर ती संख्या घाबरवणारी वाटते पण तिचा अर्थ वेगळा असतो. जात न ओळखता फवारणी कुठे करायची हे ठरवणं म्हणजे औषध आणि माणसांची मेहनत चुकीच्या गावात घालवणं. म्हणून मला या विषयाचं महत्त्व वाटतं.

उलटं उदाहरण आफ्रिकेतलं आहे, ते सीनाकाठ सरांना माझ्यापेक्षा नीट सांगता येईल.

सीनाकाठ

काका, तुमचं उत्तर मी जपून ठेवतो आहे. मिश्र डास न मिळणं हा पुरावा कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालण्यासारखा आहे.

आफ्रिकेतलं थोडक्यात सांगतो. अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए हा तिकडचा मुख्य डास. त्याची दोन रूपं आधी एम आणि एस या नावांनी ओळखली जात. 2013 साली एम रूपाला वेगळी जात मानून अ‍ॅनोफिलिस कोलुझी हे नाव दिलं गेलं. गॅम्बिएच्या अळ्या प्रामुख्याने पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात, कोलुझीच्या भातशेतीसारख्या जास्त काळ टिकणाऱ्या पाण्यात. त्यांचा संकर होतो, पण कमी. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाढल्या त्या काळात, 2006 च्या सुमारास, गॅम्बिएमधलं कीटकनाशकाला दाद न देणारं जनुक कोलुझीमध्ये घुसलं आणि झपाट्याने पसरलं. बदल एका प्रथिनातल्या 1014 क्रमांकाच्या जागेचा, पण त्याने औषध निष्प्रभ केलं. दोन्ही जाती मात्र वेगळ्याच राहिल्या. आधी म्हटलं की उपयोगी तुकडा वेगाने पसरतो, तो हा असा.

याच गटातली अ‍ॅनोफिलिस अरेबिएन्सिस घ्या. 2015 साली या गटातल्या सहा जातींचे जनुकसंच तपासले तेव्हा दिसलं की बहुतेक गुणसूत्रांवरून ती गॅम्बिए आणि कोलुझीची अगदी जवळची वाटते. एक्स गुणसूत्र मात्र वेगळा वंशवृक्ष सांगतं, आणि खरा वृक्ष तोच. बाकीचं सगळं नंतरच्या मिसळणीने झाकून टाकलं होतं. मुलांना विचारा: जनुकसंचाचा मोठा भाग एक सांगतो आणि लहान भाग दुसरं, तर कशावर विश्वास ठेवायचा? बहुतेक जण म्हणतील, बहुमतावर. इथे बहुमत मिसळणीचं आहे आणि वंशाचा इतिहास अल्पमताकडे आहे. हा प्रश्न वर्गात एक पूर्ण तास घेईल, आणि घेऊ द्या.

ताई, तुमच्या मुलांना पुढे काम करायचं असेल तर हिप्परगा उत्तम जागा आहे. दोन्ही जाती एकाच काठावर आहेत, हे भाग्य समजा. काय काय करता येईल ते लिहितो.

प्रत्येक जोडीचे तीन फोटो हवेत: पूर्ण जोडी बाजूने, नराचे चिमटे जवळून, मादीच्या मानेमागचा भाग वरून. चाक झालं का नुसतं धरलं, हे वेगळं लिहा. चाक तासन्‌तास टिकू शकतं, म्हणून सकाळी लवकर पोचा आणि वेळ लिहीत राहा. मादीचा रंग लिहाच, पण त्यावरून जात ठरवू नका. दोन जातींचं चाक खात्रीने दिसलं, तर ती नोंद मोठी आहे. त्या मादीला जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात ओल्या टिपकागदावर अंडी घालू द्या आणि मग सोडून द्या. अंड्यांतून अळ्या निघाल्या तर त्या पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण एकत्र राहिल्या की त्या एकमेकींना खातात. खायला डासांच्या बारीक अळ्या चालतात, त्या मिळवायला काकांसारखा माणूस दुसरा नाही. वाटीवर आईची नोंद, तारीख आणि जागा लिहिलेली पाहिजे. नाहीतर पुढे प्रौढ निघाला तरी त्याचा उपयोग होत नाही. मादी आधी आपल्याच जातीच्या नराशी जुळलेली असू शकते. म्हणून पिल्लं वाढली एवढ्यावर संकर म्हणू नका, केंद्रकातला डीएनए तपासावाच लागेल.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र परवानगीशिवाय काहीही उचलू नका, टाचणीचा पायसुद्धा नाही.

हिवताप_निवृत्त

अळ्या मी देतो. घरी गॅलरीत टाकी झाकून ठेवलेली आहे, तिच्याजवळ एक परात उघडी ठेवीन, म्हणजे आठवड्यात भरपूर होतील. पण मॅडम, परात मी रोज बघणार आणि कोष झालेले वेगळे काढून टाकणार. तुम्हालाही अळ्या नेल्यावर वाट्या झाकूनच ठेवाव्या लागतील.

टाचणीवाली_सोलापूर

काका, चालेल. वाट्यांवर मच्छरदाणीचं कापड बांधू. मुलांनी फोटोंसाठी वही केली आहे: तारीख, वेळ, नराची जात, मादीचं रूप, नुसतं धरलं की चाक, चिमट्यांचा फोटो आहे की नाही. सीनाकाठ सर, एवढे रकाने पुरतील का, की पाण्याचं तापमानही घेऊ?

सीनाकाठ

तापमान घ्या. आणि एक रकाना वाढवा: जवळपास दोन्ही जातींचे नर किती होते. स्वतःच्या जातीचे जोडीदार कमी असतात तेव्हा चुकीच्या जोड्या वाढतात, म्हणून ती संख्या नसेल तर मिश्र जोडी दिसूनही ती का झाली हे सांगता येणार नाही.